नववी ते बारावी, एका भिंतीवर : प्रकल्प नोंदी

१८ जून २०२५

सोमवारी शाळा उघडली आणि आज भिंत मिळाली. व्हरांड्यातली, ग्रंथालयाच्या दारापासून प्रयोगशाळेपर्यंतची. मुख्याध्यापक म्हणाले, ‘भिंत घ्या, रंगाचे पैसे मागू नका.’ कबूल.

करायचं ते असं. नववीच्या जूनपासून बारावीनंतरच्या जूनपर्यंतचे महिने ओळीने रंगवायचे आणि ज्या महिन्यात जे उरकलं पाहिजे ते त्याखाली लिहायचं. मांडणी उलटीकडून. नीट (वैद्यकीय प्रवेशाची), जेईई (केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांची), सीईटी (राज्यातल्या अभियांत्रिकी, कृषी वगैरेंची) या परीक्षा जिथे येतात तो शेवट आधी धरायचा आणि तिथून एकेक महिना मागे यायचं. आमच्याकडे दरवर्षी बारावीच्या फेब्रुवारीत पालक विचारतात, ‘सर, आता काय काय लागंल?’ तोवर जे लागतं त्यातलं बरंचसं हातचं गेलेलं असतं.

मंडळी तीन : मी (भौतिकशास्त्र), ग्रंथपाल मॅडम आणि कार्यालयातले बापू. बापूंशिवाय पान हलणार नाही. प्रवेशाचं घोडं अडतं ते कागदावर, आणि कागद त्यांना तोंडपाठ.

नियम एकच ठरवला. दरवर्षी बदलणारी गोष्ट, म्हणजे तारीख, फी, संकेतस्थळ, रंगाने लिहायची नाही. प्रत्येक महिन्याखाली काळा पट्टा ठेवायचा आणि तिथे खडूने लिहायचं. अधिकृत माहितीपत्रकात वाचल्याशिवाय तेही नाही. ‘मोबाईलवर आलं होतं’ हा पुरावा धरायचा नाही.

२८ जून

परीक्षांचा कच्चा तक्ता मॅडमनी केला.

नीट : १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिक आणि रसायनचे ४५-४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. आतापर्यंत तरी कागदावर, ओएमआरचे गोळे काळे करून. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. आमच्याकडे पोराला पाचव्या वर्षीच पहिलीत बसवणारे आजोबा आहेत, त्यामुळे हे नववीतच तपासायचं.

जेईई मेन : ७५ प्रश्न, ३०० गुण, संगणकावर. जानेवारी आणि एप्रिल अशा दोन संधी, त्यातला चांगला निकाल धरतात. पुढची, आयआयटीसाठीची ॲडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते. मेनचा पेपर मराठीत मिळतो, ॲडव्हान्स्डचा फक्त इंग्रजी आणि हिंदीत.

एमएचटी-सीईटी : २०० गुण, चुकल्याला वजाबाकी नाही. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीतून घेता येतं, गणित मात्र इंग्रजीतच. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. अकरावीचा भाग २० टक्के, बारावीचा ८०.

या शेवटच्या आकड्याने आमच्याकडे फार नुकसान केलंय. ‘अकरावी फक्त वीस टक्के’ हे वाक्य पोरं सीईटीतून उचलतात आणि नीट-जेईईला लावतात. त्या दोन्हींना अकरावीचा अभ्यासक्रम पुरेपूर आहे. मोल संकल्पना, गतीचे नियम, पेशी हे सगळं अकरावीतलं, आणि नेमकं त्याच वर्षी वर्गात हजेरी सगळ्यात कमी. भिंतीवर अकरावीचे महिने बारावीपेक्षा रुंद काढायचे असं मी सुचवलं. मॅडम म्हणाल्या, बेढब दिसेल. दिसू दे.

११ जुलै

यंदा पहिल्यांदाच सबंध राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन. दहावीचा निकाल १३ मेलाच लागला, तरी निम्मी पोरं अजून यादीकडे डोळे लावून आहेत. त्यामुळे गटाच्या (गणित घ्यायचं की जीवशास्त्र) चौकशीला रोज कोणीतरी येतंय.

आज एक वडील आले. पांढरा सदरा, हातात मुलीची गुणपत्रिका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न घालता ठेवलेली. ‘सर, गणित बी ठिवा, जीवशास्त्र बी ठिवा. दोन्ही दारं उघडी ऱ्हातील.’ दारं राहतात हे खरं. पण दोन्ही विषयांचा भार घेऊन नीट आणि जेईई अशा दोन्ही परीक्षांच्या मागे धावणं वेगळं आणि एक परीक्षा मुख्य धरून दुसरा विषय सीईटीपुरता राखणं वेगळं. त्यांना हे सांगितलं. मुलीला विचारलं, तर म्हणाली, ‘मला शेतीचं शिकायचंय.’ वडिलांनी चमकून पाहिलं. कृषीच्या पदवीला सीईटीचे दोन्ही गट चालतात, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ लांब नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

भिंतीसाठी ठरलं : दहावीच्या डिसेंबरात ‘घरात बसून बोला : गणित, जीवशास्त्र की दोन्ही?’ अशी ओळ. निकालानंतर बोलायला वेळ नसतो, तेव्हा रांग असते.

नववी-दहावीच्या मुलांसाठी आणखी एक ओळ टाकली. छत्रपती संभाजीनगरला १९७७पासून शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. एनडीएची तयारी अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे राहून होते, आणि तिची निवड दहावीच्या वर्षातच होते. अकरावीत गेल्यावर कळून उपयोग नाही.

२६ जुलै

पालकसभा. सगळा आराखडा आज बदलला.

तक्ता समजावून सांगत होतो : नोव्हेंबरात जेईईचा अर्ज, हिवाळ्यात सीईटीचा, फेब्रुवारीच्या सुमारास नीटचा, मध्ये उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर (मागास प्रवर्गातलं घर उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला). मागून एक बाई उठल्या. ‘गुरुजी, आमी दिवाळी झाली की निगतोत, ते पाडव्याच्या आसपास येतोत. हे तुमचं समदं आमच्या माघारीच हाय की.’

सभेत क्षणभर कोणी बोललं नाही, मग एकदम सगळेच बोलायला लागले. आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीचे कोयते सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पावसाळ्यातच घेतलेली. लेकरू आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात. म्हणजे ज्या पाच महिन्यांत सही, आधार, ओटीपी आणि तहसीलचा हेलपाटा लागतो, त्याच पाच महिन्यांत आई-बाप फडात. परीक्षांचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी बाप घरी असतो असं धरलंय, त्यांना दोष देऊन भागणार नाही. आपला कालपट आपणच ओढून घ्यायचा.

निर्णय : प्रत्येक वर्षाच्या ऑक्टोबरवर लाल उभी रेघ. वर अक्षरं ‘दिवाळीच्या आत’. पालकाची सही किंवा हजेरी लागणारी प्रत्येक गोष्ट त्या रेघेच्या डाव्या बाजूला आली पाहिजे. येत नसेल तर ती करायला गावात मागे राहणारं माणूस कोण, त्याचं नाव पोराने आधीच ठरवायचं.

२ ऑगस्ट

पांढरा हात झाला. पेंटर गावातलाच, निवडणुकीच्या भिंती रंगवणारा. ‘नीट’ची वेलांटी ऱ्हस्व काढली होती, पोरांनी लगेच धरली.

१४ ऑगस्ट

नावांचं काम. बापूंनी दहावीच्या मुलांचे आधार आणि शाळेचं रजिस्टर शेजारी ठेवून पाहायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. त्यांची पद्धत बघण्यासारखी. लाकडी पट्टी रजिस्टरच्या ओळीखाली, आधारची प्रत पट्टीवर, आणि नाव मोठ्याने अक्षर-अक्षर वाचायचं. मध्येच थांबतात आणि पेन्सिलीने बारीक फुली मारतात.

फुल्या बऱ्याच. कुठे आधारवर आजोबांचं नाव वडिलांच्या जागी. कुठे जन्मतारीख १ जून, कारण पहिलीत घालताना गुरुजींनी तीच टाकली. आधारवर मात्र दवाखान्यातली खरी. ज्ञानेश्वर नावाची तर तऱ्हाच वेगळी. रजिस्टरला ‘डी-एन’ने सुरू होतो, आधारला ‘जी’ने, बँकेच्या पासबुकात ‘डी-वाय’ने. मराठीत एकच पोरगा, इंग्रजीत तीन.

दहावीच्या बोर्डाच्या अर्जात जे जाईल ते प्रमाणपत्रावर येतं आणि पुढे नीट-जेईईला तेच मूळ धरतात. बोर्डाचा अर्ज जायच्या आधी दुरुस्ती शाळेच्या पातळीवर निघते. नंतर तीच दुरुस्ती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे. म्हणून भिंतीवर नववीच्या जुलैला मोठ्या अक्षरात : ‘नाव, जन्मतारीख, आईचं नाव : रजिस्टर आणि आधार जुळवा’. आधारला पंधरा वर्षं झाली की ठसे आणि फोटो पुन्हा द्यावे लागतात, तेही त्याच फेरीत उरकायचं.

बापू म्हणतात ही ओळ पाचवीच्या वर्गाबाहेरही लिहा. खरंय, पण भिंत एकच आहे.

३० ऑगस्ट

जात पडताळणी. ज्याला राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचंय त्याला जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ठरलेल्या तारखेआधीचा पुरावा : अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाकडे, त्यामुळे जुना कागद बहुधा उर्दूत.

अकरावीतल्या एका मुलाचे आजोबा आज बापूंसमोर बसले होते. त्यांच्या वडिलांच्या शाळेचा दाखल-खारीजचा उतारा त्यांनी कुठून तरी मिळवलाय. झेरॉक्स, कडा काळ्या, मजकूर उजवीकडून डावीकडे. आजोबा म्हणाले, ‘माझ्या बापाचं नाव हाय म्हणतेत यात. मला काय दिसंना.’ गावातल्या मशिदीतले मौलवी चाचा आले. चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांशी नेऊन त्यांनी बोटाने ओळ धरली. नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, मग जात. शेवटी सन : तेराशे पंचावन्न. आजोबा गोंधळले. तो फसली सन, निजामाच्या दप्तराचा. त्यात ५९० मिळवले की १९४५ येतं. चाचांनी हे सहज सांगितलं. आमच्या शाळेत इतिहासाचे दोन शिक्षक असून कुणाला माहीत नव्हतं.

वाचून दाखवणं वेगळं आणि समितीपुढे चालणं वेगळं. त्याला अधिकृत भाषांतर जोडावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. शिवाय ज्यांचे पणजोबा शाळेत गेलेच नाहीत त्यांनी खासरा पाहणी पत्रक बघायचं, जमीनही नव्हती तर जन्म-मृत्यूची जुनी नोंद, कोतवाल बुक. हे शोधायला सहा-सहा महिने लागतात. घरात काका, आत्या, चुलतभाऊ कोणाचीही वैधता आधीच झालेली असेल तर काम बरंच हलकं होतं, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारायचा.

‘पडताळणीच्या अर्जाची पावती जोडा, नंतर मुदतवाढ मिळते’ असं पुष्कळ जण सांगतात. मिळते कधीकधी. त्या भरवशावर पोराचं वर्ष लावू नये.

भिंतीवर : शोध नववी-दहावीच्या उन्हाळ्यात, अर्ज अकरावीच्या पहिल्या सत्रात, महाविद्यालयामार्फत.

५ सप्टेंबर

२ तारखेला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदी धरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा, शासन निर्णय निघाला. कार्यालयात कुणबी नोंदींची चौकशी करणाऱ्यांची गर्दी. बापू सगळ्यांना एकच सांगतात : निर्णय काही असो, तुमच्या घरातला कागद आधी हुडका. भिंतीवर यातलं काही रंगवलेलं नाही. खडूलाही सध्या सुट्टी.

२६ सप्टेंबर

पाऊस. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, खालची शिवारं पाण्यात. सोयाबीन गेलं. शाळा बंद होती, काम बंद होतं.

आज काही मुलं आली. एकीच्या घरात पाणी शिरलं, कागदांची पेटी भिजली. दहावीची गुणपत्रिका सुकवायला तिने वहीच्या पानांत ठेवलीय, शाई उतरलीय पण क्रमांक वाचता येतो. मॅडमनी लगेच संगणक उघडला आणि डिजिलॉकरमधून तिची गुणपत्रिका काढून दिली. मग बसलेल्या सगळ्यांचीच खाती काढायला घेतली.

पुराच्या या दिवसांत प्रवेश परीक्षेचं काय बोलायचं, असं वाटतं खरं. पण यंदा उचल जास्त घेतली जाणार, कोयते लवकर निघणार, म्हणजे आपली लाल रेघ आणखी डावीकडे सरकणार.

४ ऑक्टोबर

नीट-जेईई घेणाऱ्या एनटीएची सूचना आली : जेईईच्या अर्जाआधी आधार अद्ययावत करा, नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे असू द्या, प्रवर्गाचा दाखला ताजा ठेवा. बापूंनी ती छापून काळ्या पट्ट्यावर चिकटवली आणि पेन्सिलवाल्या फुल्यांची यादी शेजारी लावली. बोलले काही नाहीत.

प्रवर्गाच्या दाखल्याबद्दल इथे लिहून ठेवतो, कारण पालकांना दोनदा सांगावं लागतं. राज्याच्या प्रवेशासाठीचं नॉन-क्रिमिलेयर वेगळं आणि केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा. राज्यात एनटी-डी (भटक्या जमातींचा एक गट) असलेला वंजारी विद्यार्थी केंद्राच्या यादीत ओबीसी असतो. जेईईच्या अर्जात तो ‘एनटी’ शोधत बसतो, सापडत नाही आणि खुल्यात भरून मोकळा होतो. दोन्ही दाखल्यांना उत्पन्नाची मर्यादा आठ लाख.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक : २०२४-२५पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. ‘पोरीला इंजिनिअरिंग परवडायचं न्हाई’ म्हणणाऱ्या घरांत हे अजून पोचलेलं नाही. भिंतीवर हे रंगाने लिहिलं. नियम मोडला, पण मॅडमचा हट्ट होता आणि तो बरोबर होता.

१८ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी लागली. लाल रेघेआधीची शेवटची फेरी झाली. बारावीच्या बहुतेकांचे उत्पन्नाचे दाखले हातात आहेत. पडताळणीचे अर्ज गेले, काहींचे पुराव्याअभावी राहिले. ते आजोबा आणि त्यांचा नातू गेलेल्यांत आहेत.

३ नोव्हेंबर

जेईईचे अर्ज ३१ ऑक्टोबरला सुरू झाले, मुदत २७ नोव्हेंबर. नेमका १ तारखेपासून साखर कारखान्यांचा गाळप हंगाम.

ओटीपीने आज खाल्लं. मुलाने अर्जात वडिलांचा नंबर टाकलेला. वडील फडात, फोन कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) चार्जिंगला. मुलगा फोन करतो, चुलती उचलते, ती पळत फडापर्यंत जाते, वडील येईस्तोवर ओटीपी मेलेला. तीन वेळा तेच. चौथ्यांदा चुलतीनेच आकडे वाचले. तिला वाचता येतं हे त्या निमित्ताने कळलं, सहावीत शाळा सुटलेली.

भिंतीवर लगेच नवी ओळ : ‘अर्जात गावात राहणारा नंबर. तो दोन वर्षं बदलायचा नाही.’ आधारशी जोडलेला नंबर कोणाचा तेही दिवाळीच्या आतच बघायचं.

परीक्षा केंद्रासाठी शहरं निवडताना मुलं डोळे मिटून पुणे लिहितात, कारण मामा तिकडे असतो. लातूर, नांदेड, संभाजीनगर आधी घ्या म्हणून सांगितलं. जानेवारीच्या थंडीत सकाळच्या पाळीला कुठून किती वाजता निघावं लागेल हा हिशेबही अभ्यासातच धरायचा.

२२ नोव्हेंबर

संगणक कक्षात सराव. बारावीतले हुशार म्हणवणारे दोघे माऊस उचलून धरतात. जेईईत प्रत्येक विषयात पाच प्रश्न आकड्यांत उत्तर मागणारे, आणि ते आकडे पडद्यावरच्या कळफलकावर माऊसने दाबायचे. एकाने उत्तर बरोबर काढलं आणि जवळच्या पूर्णांकात आणायचं राहिलं. दुसऱ्याने उत्तर निवडलं, पण ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबायच्या ऐवजी थेट पुढच्या प्रश्नावर गेला, उत्तर नोंदलंच नाही. भौतिकशास्त्र पक्कं, गुण शून्य.

सीईटीही संगणकावरच. म्हणून अकरावीच्या दुसऱ्या सत्रापासून आठवड्याला एक तास कक्ष खुला. जनरेटर नाही, त्यामुळे भारनियमन बघून वेळ ठरणार.

९ डिसेंबर

भिंत पूर्ण. पालक येतात, बोट लावून वाचतात. सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न मात्र भिंतीवर नाही : ‘लातूरला कवा धाडायचं? आठवीपासून फाउंडेशन असतंय म्हणं.’

माझं मत नोंदीत असू दे. आठवी-नववीतल्या लेकराला त्यासाठी घर सोडायला लावू नये. शाळेचं गणित आणि विज्ञान नीट झालं, वाचायची सवय लागली, नाव आणि तारीख जुळली, एवढं नववी-दहावीत पुरे. लातूर-नांदेडच्या शिकवणीचा फायदा होतो, नाकारत नाही. पण तिथे गेलं आणि बारावीची हजेरी, प्रात्यक्षिकं सोडली, हा सौदा वाईट. नीटवरून प्रवेशाला खुल्या गटाला बारावीत भौतिक, रसायन, जीव मिळून ५० टक्के लागतात, राखीवला ४०. एनआयटीला जेईईतून जायचं तर ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये. बोर्ड फालतू समजणाऱ्याला हे आकडे जूनमध्ये आठवतात.

सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना) २०२०मध्ये गेला, तेव्हापासून वैद्यकीयला आपल्या पोरांची गाठ सबंध राज्याशी आहे. काही पालक अजून त्या कोट्याच्या हिशेबात बोलतात, त्यांना हे समजावून सांगावं लागतं. अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय घराजवळ आहे म्हणून तिथली जागा सोपी होत नाही.

पुढची कामं :
बारावी बोर्ड १० फेब्रुवारीला, जेईईचं पहिलं सत्र २१ जानेवारीपासून. दोन्हींचे प्रवेशपत्र छापून देणं मॅडमकडे. सीईटी आणि नीटच्या अर्जांसाठी ‘मागे राहणाऱ्या’ माणसांच्या नंबरांची वही बापूंकडे. हंगामी वसतिगृहातल्या दहावीच्या मुलांशी गट निवडीबद्दल बोलणं माझ्याकडे, नाताळच्या आधी. पडताळणीच्या राहिलेल्या अर्जांसाठी खासरा पत्रकाच्या नकला, तहसीलच्या अभिलेख कक्षातून. पेंटरचे पैसे बाकी.